कवेलूखालची अंडी

कॅम्प-१, भिलाई
४ ऑगस्ट १९६४

प्रिय कवडू,

सप्रेम जयभीम. आम्ही ठीक आहोत. तुझी प्रकृती बरी असेल.

परवा तुझ्या माशांनी पुन्हा अंडी घातली. तुझ्या शालूनं डोळ्यांनी पाहिलं. मी कारखान्यात कोक ओव्हनवर ड्यूटीला होतो. नर मादीला विळखा घालतो का, असं तू विचारलं होतंस. घालतो. टबात पालथ्या घातलेल्या छपराच्या कवेलूखाली दोघं अंगं वळवून एकमेकांत अडकली, सुटली, पुन्हा तेच. अंडी कवेलूला आतून चिकटली आहेत. नर काळानिळा पडला आहे आणि परांनी त्यांना सारखा वारा घालतो.

म्हणजे तुझं म्हणणं खरं ठरेल असं वाटतं. तुझे कॉलेजातले सर या बोटभर माशाला पानमाशाच्या कुळात घालतात. तू म्हणतोस, याचं लहानसं कुळच निराळं, आणि जवळचं नातं ओल्या जमिनीवर सरकणाऱ्या कवईशी. कारण असा विळखा तिच्या गोतात असतो, पानमाशात नाही. स्पिरिटातल्या माशांची हाडं मोजून हे भांडण मिटत नव्हतं. शालूनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहावं म्हणून मी बसलो होतो. पण त्यापेक्षा दुसरं लिहिणं गरजेचं आहे. सलग डबल ड्यूटी झाली आहे, अक्षर समजून घे.

मागच्या खेपेची अंडी का वाया गेली, ते मी कळवलं नाही. अंडी घातल्यावर नर मादीला टबभर पळवत होता. तुझी कौशल्यावहिनी ओरडली, "पाहा मेल्याले! बायकोले मारून राहिला!" आणि तिनं त्यालाच लोट्यात काढून ठेवलं. मी घरी होतो. मलाही ते बरोबर वाटलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या अंड्यांवर पांढरी बुरशी.

या वेळी शालू टबापुढे पाट टाकून बसली. "जाऊबाई, त्याले हात लावाल तर पाहा. तो मारत नाही. ते अंडी खाईन म्हणून हाकलते तिले."

"तुले कोणं सांगितलं?"

"त्याईनंच." आणि मग, खाली बघत, "त्याईले बी तुमीच काढलं घरातून. मी नव्हतं म्हटलं, जा म्हणून."

कौशल्या पोळी लाटत होती, ती थांबली. तुमच्या बाळाला माती देऊन आलो त्या दिवशी तू कोणाशी न बोलता टबातलं पाणी बदलायला बसलास. कौशल्यानं तुझी पिशवी तुझ्या हातात दिली. "तुले मासेच पाहिजे तर जाय नागपूरले." तू गेलास. मी अडवलं नाही. तेव्हापासून तुझ्या पत्रांत मासे असतात, शालूचं नाव नसतं. आम्ही म्हणालो, दगड आहे. शालू म्हणते, त्या दिवशी पाणी बदलताना तुझे हात इतके कापत होते की अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. ते फक्त तिनं पाहिलं.

तिनं तुला का लिहिलं नाही, असं मी विचारलं. म्हणाली, "मी का लिहू? ते कावून नाही लिहीत?"

तिचे वडील नत्थूजी रविवारी सकाळी तुमसरहून येतील. दुपारच्या पॅसेंजरनं तिला घेऊन जातील. लुगडी बांधून झाली आहेत. परत पाठवतील असं त्यांच्या पत्रावरून वाटत नाही. मी त्यांना थांबवू शकत नाही. तो हक्क माझा नाही.

पिल्लं रविवारपर्यंत पोहायला लागतील, असा शालूचा अंदाज आहे. तू शनिवारी निघालास तर दुर्ग स्टेशनवर मी नसेन, माझी ड्यूटी आहे. कौशल्या येईल. तसं तिनंच मला लिहायला सांगितलं.

तुझा थोरला,
देवीदास