छताला उमटलेला पाय

आबा, डॉक्टरीणबाईंच्या घराचे फोटो काढून मी परवाच हिंगोलीहून परतले. तुम्ही सेंट्रिंग केलेलं, स्लॅबखालच्या फळ्या बसवलेलं, ते बिनप्लास्टरचं घर. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि आता एका मासिकाला ते आतून-बाहेरून छापायचंय. फोटो फक्कड आलेत. कामात मी तुमच्याइतकीच खडूस आहे. दिवाणखान्यातला टीव्ही, प्लास्टिकची फुलं, कॅलेंडर, सगळं बाहेर काढायला लावलं आणि ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावला नाही.

मग फरशीवर उताणी पडले. छतावर तुमच्या फळ्यांच्या रेषा अजून तशाच आहेत, लाकडाच्या गाठींसकट. ते घर बांधलं तेव्हा मी चौथीत होते. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "मिस्त्री, प्लास्टर काहून न्हाई करत?" तुम्ही हसायचात आणि एकेक फळी घासून, तेल लावून, रेषेला रेष जुळवून बसवायचात. "वर कोणी पाय ठेवायचा न्हाई," असं सगळ्यांना बजावलं होतं. मी डबा घेऊन आले आणि तुम्ही खाली हात धूत असताना चिखलाच्या पायानं वर जाऊन आले. त्यावर सळया बांधल्या, स्लॅब ओतला. पुढं फळ्या निघाल्या, तर छताच्या मधोमध माझा पाय!

आर्किटेक्टसाहेब भडकले. तुम्ही माझ्याकडं पाहिलं. "बकरी चढली होती," मी म्हणाले. पाच बोटांची बकरी! तुम्ही मान खाली घातली. "व्हय साहेब, बकरीच असंल. माझं ध्यान नव्हतं." पुढच्या बंगल्याचं काम त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीला दिलं. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, ते अजून सलतं.

परवा चहा देताना बाई म्हणाल्या, "आमी तेवढ्या जागेवर रंग मारणार होतो. तुझे वडीलच नको म्हणाले. म्हणे, राहू द्या बाई, आमच्या घरी बकरी न्हाईच." मी हसले आणि हसता हसता रडले.

काल संपादकांचा फोन आला. छतावरचा डाग कॉम्प्युटरवर पुसता येईल का? "तो डाग नाही, माझा पाय आहे. तसाच राहील," मी ठणकावून सांगितलं. त्यांना सांगताना जीभ जराही अडखळली नाही. तुमच्यापुढं मात्र, आबा, तुम्ही जाईपर्यंत तो पाय बकरीचाच राहिला.