बाबांचा उजवा खांदा

सापगाव, रविवार संध्याकाळ, १९९८

भाताचे भारे वाहून बाबांचा उजवा खांदा खाली आलाय. तयार शर्ट त्यांच्या अंगावर तिरका लोंबतो, म्हणून माझ्या लग्नातसुद्धा ते फोटोला सगळ्यांच्या मागे उभे राहिले. तेव्हा मला कसं कळलं नाही?

आज मी शहापूरच्या शिंपीकाकांनी शिवलेला शर्ट आणला. माप घेताना त्या खांद्याबद्दल काका चकार शब्द बोलले नव्हते. फक्त उजवी बाजू त्यांनी वेगळी बेतली. बाबांनी आरशात पाहिलं, कॉलर चाचपली.

"सरळ बसला गो," एवढंच म्हणाले आणि खांद्यावरून हात फिरवत राहिले.

आई म्हणाली, "आता काढा, डाग पडंल."

"नाय, असू दे."

छातीवर पंचा पसरून बाबा जेवायला बसले. आई वाढत राहिली.