बाबांनी घडवलेलं कुलूप

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. बाबांचं कुलूप-किल्लीचं दुकान ठीक चाललंय. माझे गुडघे कुरकुरतात, आणि किल्ली कानसताना मी बाबांसारखीच जीभ दातांत धरते, असं जुनी गिऱ्हाइकं म्हणतात. तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनीला विचारलं तर ती म्हणते तुलाच विचार, आणि तू तर भेटत नाहीस.

बाबा जाऊन चौदा महिने झाले. मृत्युपत्रात त्यांनी कारभारी म्हणून तुझं नाव घातलं, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. हत्यारं मला, कागद तुला, हे त्यांनी कधीच ठरवलं होतं. आता कागद बाबांच्या घरातल्या कपाटात, घराला कुलूप आणि तुझं आपलं 'पुढच्या आठवड्यात बघू'. मृत्युपत्र अजून कोर्टात गेलेलं नाही, घर कोणाच्याच नावावर नाही. इकडे दुकानाचा मालक दोन महिन्यांत जागा मागतोय. माझ्या वाट्याच्या पुढच्या खोलीत दुकान हलवायचं, तर ती आधी माझ्या नावावर व्हायला हवी ना!

शेवटी वकीलबाईंकडे गेले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण मला शहाणी कोण म्हणतंय! त्या म्हणाल्या, आधी नोटीस पाठवू. त्यावर तू गप्प बसलास, तर काय सांभाळलंस आणि काय विकलंस याचा जाब कोर्टामार्फत मागू. तरी नाहीच, तर तुला काढून दुसरा कारभारी नेमायचा अर्ज. सख्ख्या भावाविरुद्ध. मी नुसती मान हलवत राहिले आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. थकले रे. खरं सांगते, तू घर परस्पर विकलंस असंही माझ्या मनात येऊन गेलं.

काल वकीलबाईंना हवा होता म्हणून दाराचा फोटो काढायला गेले. दाराला बाबांनी स्वतः घडवलेलं पितळी कुलूप. दाबलं की बंद होतं, किल्ली लागते ती उघडायलाच, आणि तीही एकच, तुझ्याकडची. हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती, दोन मिनिटांचं काम. पण बाबांचा नियम तुला ठाऊक आहे, घरधनी समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. अर्धी मालकीण मी असेन, पण अर्धीच. म्हणून वाकून फक्त पाहिलं. किल्लीच्या भोकावर कोळ्याचं जाळं, आत हिरवा गंज. त्या कुलपात वर्षभर किल्ली गेलेलीच नाही.

ती आत राहिली ना, दादा? बाबांच्या तेराव्याचे पाहुणे गेले त्या दुपारी तू कुलूप दाबलंस आणि मग आठवलं असणार. कुलूपवाल्याचा मुलगा दुसऱ्या कुलूपवाल्याकडे कुठल्या तोंडानं जाणार? आणि माझ्याकडे तर नाहीच. हत्यारं मला मिळाली म्हणून तू चारचौघांत जे बोललास, ते मी विसरलेले नाही, तूही नसशील. एवढ्यासाठी वर्ष घालवलंस, वेड्या! मला राग आलाय, फार आलाय, जाईल तेव्हा जाईल. नोटीस सोमवारी निघायची आहे आणि मी वकीलबाईंना अजून थांबवलेलं नाही. रविवारी सकाळी दहाला मी दारात असेन. काही बोलू नकोस, माफीबिफी मागू नकोस. तू नुसता समोर उभा राहा, मी उघडते.

तुझीच,
खिट्टी