मागच्या भिंतीतला खळगा

नाशिक, मंगळवार, मार्च २००३

मागच्या बिनगिलाव्याच्या भिंतीत आज खळगा दिसला, अंगठा मावेल एवढा. सूनबाईला सातवा महिना. लाजत म्हणाली, "मामंजी, डोहाळे लागलेत, जरा माती खाते. सासूबाईंनीही खाल्ली होती ना?"

खाल्ली होती, पण ती शेतातली, भाजलेली. या भिंतीचे ब्लॉक धातूच्या खाणीतल्या टाकाऊ चुऱ्याचे. त्यात शिसं असू शकतं, हे मी स्वतः वाचून बांधकामाच्या वेळीच मुलाला बजावलं होतं. तेव्हा हसला. "अण्णा, सातवी शिकून इंजिनिअर झालात! भिंत काय कोणी खातंय?"

संध्याकाळी त्याला हाताला धरून खळग्यापाशी नेलं. त्याने त्यात बोट घालून पाहिलं.

उद्या तिला रक्त तपासायला दवाखान्यात नेतोय. जन्मभर माझंच खरं करत आलो. देवा, या एका वेळी मला खोटा पाड.