आबा घरात येत नाहीत

४ मे, कुरुंदा
टिनाच्या शेडखाली आजही भट्टी. आबा दिवसभर तिथंच, खाटेवर, ओला पंचा छातीवर टाकून. आधीच दमा, त्यात हा उकाडा. समोर मी त्यांच्यासाठी बांधलेलं घर. न भाजलेल्या मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा, वर बांबू आणि कौलं. आत पंख्याशिवाय झोप लागते. वास्तुशांत होऊन महिना झाला, आबांनी एकही दुपार आत काढली नाही. कारण एकच, इकडं अधूनमधून जमीन गुरगुरते, हादरते.
पुण्यात लोकांच्या ऑफिसांत झाडांच्या भिंती लावून शाबासक्या घेतल्या. इथं बापाला घरात घेता येईना.

६ मे
पुन्हा समजावलं. दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंती बांधून धरणारा काँक्रीटचा सलग पट्टा फिरवलाय, कोपऱ्यांत सळया आहेत, जुन्या दगडमातीच्या घरांसारखं हे नाही. शेजारचे दत्ताकाका मध्येच, "माती ती मातीच. स्लॅब टाकायचा सोडून कौलं टाकली पोरीनं." आबा म्हणाले, "बराबर." कुणाचं बराबर, कळलं नाही. मग मीच चिडून, मी राहते ना आत? माय राहते ना?

९ मे
दुपारी जेवताना जमिनीखालून गडगड. मांडणीवरची ताटं वाजली. पुढचं आठवतं ते मी अंगणात, हातात घास. माय आतच. तिचे गुडघे धरलेले, भिंतीला धरून हळूहळू आली. आबांनी मला पाहिलं, मग तिला पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.
तो पट्टा, त्या सळया, सगळं मला पाठ. तरी पळाले. लाज वाटते.

१० मे
खिडकीखाली केसाएवढी भेग. खरवडून पाहिली. गिलाव्यातलीच आहे. बहुतेक. हा शब्द गिऱ्हाइकापुढं कधी वापरला नव्हता.

१३ मे
आबांना वसमतला नेलं. डॉक्टर: टिनाखालून हलवा, नाहीतर पुढच्या वेळी नांदेडच गाठावं लागेल. दत्ताकाकांची स्लॅबची खोली रिकामी आहे, काका स्वतः बोलवायला आले. आबा म्हणाले, "पोरीनं घर बांधलं आन मी दुसऱ्याच्यात राहू?" घरात नको, काकांकडं नको. मग कुठं? माय नुसती पंचा भिजवून देते.

१५ मे
आज सुटलंच तोंड. म्हटलं पाडते घर, जेसीबी बोलावते, स्लॅब टाकते, तुम्ही जिते राहा.
"गप," आबा म्हणाले. मग धापा टाकत, थांबत थांबत, "मला मरायचं भेव न्हाई. भित आंगावर आली तर गाव म्हनंल, पोरीच्या घरानं बाप खाल्ला. तू कुठं तोंड दाखवशील?"
मी म्हटलं, त्या दिवशी मी पळाले म्हणून तुम्ही...
"पळाली ते बराबर केलं. मी तेच पाहून राहिलो होतो, निघती का न्हाई."
खूप रडले. दीड महिना हा माणूस माझ्यासाठी टिनाखाली भाजत होता आणि मी त्याला अडाणी म्हणत होते, मनात का होईना.

१६ मे
सकाळी आबांनी दत्ताकाकांना बोलावलं. आणखी दोघं-चौघं गोळा झाले. खाटेवरूनच म्हणाले, "आइका. मी माझ्या मर्जीनं आत चाललो. काही झालं तर माझ्या लेकराचं नाव घ्यायचं न्हाई." काका खाली बघत म्हणाले, "न्हाई घेणार." मग त्यांनीच आबांचा हात धरून आत नेलं.
दुपार. आबा आत झोपलेत, धाप कमी आहे. माय त्यांच्या पायाशी. मी दारातच बसलेय, पाय अंगणात.
मघा डोळे न उघडता आबा म्हणाले, "आत ये, थंड हाय." येते म्हटलं. अजून इथंच आहे.