जिवंत माणसाचा कोशोक

३ नोव्हेंबर
नायिकेचं काम करणाऱ्या ऐझिरेकनं भर तालमीत हात वर केले — "मी नाही गाणार!" नवऱ्याच्या मयतीला बायकोनं गायचा कोशोक. माझ्या नाटकाचा शेवटच तो! म्हणाली, "ताई, तुमचा नवरा रशियात धडधाकट आहे, सगळ्या नारीन गावाला ठाऊक. जित्या माणसाचा विलाप गाऊन पाप कशाला घेऊ?" नाटकातला नवरा वेगळा, म्हटलं. हसली.

५ नोव्हेंबर
दिग्दर्शक तुर्गुनबेकचं एकच — "शेवटी नवऱ्याला परत आण. लोक खूश!"
परत आण म्हणे! माझ्या नवऱ्यानं, एर्मेकनं तिकडे दुसरा संसार थाटलाय, मूलही झालंय. मी इथे ना सवाष्ण, ना विधवा. सोडचिठ्ठी मिळेलही, पण सासूबाईंना कोण सांगणार? घरात आम्ही दोघीच. त्या अजून त्याच्या वाटणीचं मांस बाजूला काढतात. "येईल ग," म्हणतात. खरं सांगायची माझी छाती नाही, म्हणून नाटक लिहिलं. भित्री बाई आणखी काय करणार!

८ नोव्हेंबर
बर्फ. दिवसभरात कुणाशी एक शब्द नाही. फार एकटं वाटतंय.

९ नोव्हेंबर
ठरलं. शेवट तोच, कोशोक मी गाईन.
तुर्गुनबेक — "गळा कावळ्याचा तुझा!"
मयतीला सूर कोण बघतं?
सासूबाईंनी विचारलं, "नाटकात काय आहे ग?"
"एक बाई."
"वाट बघणारी?"
मी भांडी घासत राहिले.

१४ नोव्हेंबर
काल प्रयोग झाला. कोशोकच्या रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले. लोक दिसत नव्हते, तेच बरं. आवाज फाटला, तरी गात राहिले. दुसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी सूर धरला — "माझ्या पाडसा, माझ्या पोटच्या गोळ्या..." म्हातारा, घोगरा आवाज. सासूबाई! मग इतर बायकाही गाऊ लागल्या. मला वळून बघायचा धीर झाला नाही.
घरी येताना मी घसरू नये म्हणून त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

१५ नोव्हेंबर
सकाळी एर्मेकचा फोन. सासूबाईंनीच उचलला. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझा मुलगा गेला. परवा त्याला रडून मोकळ्या झालो आम्ही. तू कोण?"
फोन ठेवला. मग तिथेच खाली बसल्या. मी शेजारी जाऊन बसले.