अण्णासाठी सरकारनं बोलावं

११ ऑगस्ट
व्हिडिओ आला. अण्णा जिवंत आहे! आफ्रिकेत धरणाच्या कामावरून बंदूकवाल्यांनी त्याला उचलल्यापासून आज पहिल्यांदा दिसला. दाढी वाढली आहे. कागदावर बोट ठेवून हिंदीत वाचतो — भारत सरकारनं इथल्या फौजेला हत्यारं देणं थांबवावं, नाहीतर मला मारतील. शाळेत धडा वाचायचा तसाच. रेणुकावहिनींनी पुन्हा पुन्हा बघितला. आईला दाखवला नाही.

१३ ऑगस्ट
हॉटेलात गुंडेरावकाका भेटले. फौजेतून रिटायर झालेले. म्हणाले, "असल्यांशी बोलायचंच न्हाई. आज हत्यारं थांबवा म्हणतील, उद्या अजून काही. देशाचं धोरण बंदूक बघून ठरवायचं व्हय?"
चहा तसाच ठेवून उठलो. ते चूक बोलले नाहीत — हाच तर त्रास! दुसऱ्याचा भाऊ असता तर मीही मान हलवली असती.
घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बांधाच्या भांडणात कुऱ्हाड घेऊन आला तरी बोलतावच की. आधी खाली ठेव म्हणत बसलाव तर बोलणार कधी?"

१६ ऑगस्ट
भालकीत तहसीलसमोर बसलो. मराठी बॅनरवर ‘वाटाघाटि करा’! पेंटरला म्हणालो, टी दीर्घ पाहिजे. तो वैतागला — "सरकार वेलांटी बघायलंय, का तुझ्या भावाला?" तरी करून घेतली. एवढ्याशा चुकीनंही अण्णा जाईल असं वाटतं.

२२ ऑगस्ट
काही नाही. वहिनी जेवल्या नाहीत.

२७ ऑगस्ट
सोडला! सोडला!! दुपारी फोन आला. टीव्हीवर सांगतात — हत्यारं पाठवणं तूर्त थांबवलं आहे, सुटकेशी त्याचा संबंध नाही. नसू दे! अप्पा रस्त्यातच खाली बसले. गुंडेरावकाका पेढे घेऊन आले. वहिनींना म्हणाले, "माझं म्हणणं तेच हाय बाई, पण पेढा घे."

२ सप्टेंबर
अण्णा घरी! वरण-भात दोनदा मागून घेतला. आई नुसती बघत बसली. म्हणाला, सोडताना त्यांच्या म्होरक्यानं हसत पाठ थोपटली. ऐकून आम्हीही हसलो. आता ओसरीवर झोपला आहे. वहिनी येईल त्याला हाकलतात. किती हलकं वाटतं!

१९ सप्टेंबर
खटकचिंचोळीहून सुगंधाबाई बसनं एकट्याच आल्या. त्याच धरणावरून त्यांच्या मुलाला परवा उचललं. "तुमच्यासाठी बोलले म्हणं. माझ्या सुनीलसाठी बी बोलतील की?"
टीव्हीवर सकाळीच सांगितलं होतं — यापुढे कोणाशीही बोलणी नाहीत.
अण्णा आतून बाहेर आला नाही.
मी म्हणालो, "बोलतील, अक्का."